गट नंबर एकशे चौदा, पूर्वेचा बांध

सावद्यात स्टेशन रोडला, बारदानाच्या दुकानावर
मी भात शिजवते. तो कोणी खाणार नसतं.
शिट्ट्या मोजायच्या नाहीत, पाऊण तास दाब,
पिशवीच्या तोंडाला कापसाचा बोळा,
निवला की ज्योतीजवळ हात धरून
सुईच्या टोकावरून सोडते त्यात
बुरशी.

आईला हे सांगायची सोय नाही.
तिचं निम्मं आयुष्य बुरशीला दार दाखवण्यात गेलं.
लोणच्यावर चार बोटं तेल, बरणीला फडकं,
बिबड्या गच्चीवर तीन उन्हं,
ओला हात मिठाला लावला म्हणून मला धपाटा.
"आन तुले पगार कशाचा? बुरशी लावाचा!"

टिकाराम भारंबे भाद्रपदात आले.
पायरीखाली चपला, हातात आगपेटी.
महानुभाव माणूस. पाणी गाळून पिणार,
कंदिलाची काच तडकली तर अंधारात बसणार,
पतंग जळायला नको.
त्यांच्या हळदीत हुमणी लागली होती.
पान पिवळं पडायचं, ओढलं की झाड हातात,
खाली मूळच नाही.
मुलाने औषधाचे डबे आणले,
ह्यांनी ते गोठ्यात ठेवून कुलूप घातलं.
घरात आठ दिवस बोलणं बंद.

आगपेटीत काड्या नव्हत्या.
एक अळी. काजूसारखी वळलेली, खडूसारखी टणक,
आणि अंगभर हिरवं,
जुन्या तांब्याच्या घंगाळावर चढतं तसलं.
"म्या नही मारलं हे," आधी हेच बोलले.
"अशीच सापडली मले. पूर्वेच्या बांधाले.
अजून चार व्हत्या."

सूक्ष्मदर्शकात त्यांनी एक डोळा लावला,
दुसऱ्यावर तळहात.
"माळा हायेत," म्हणाले.

होत्याच. कणाला कण जोडलेला.
मी सांगत गेले:
यातला एक कातडीला चिकटतो.
ओल मिळाली की रुजतो, दाण्यासारखाच,
आणि कातडी भेदून आत उतरतो.
वर अळी हळदीची मुळं खात असते
आणि तिच्या पोटात
दुसऱ्याच कोणाची मुळं पसरत असतात.
आठ-दहा दिवस. कधी जास्त.

"म्हंजे ते बी शेतीच करते," टिकाराम म्हणाले,
आणि मग, डोळा न काढता,
"मंग पाप कोन्हाचं?"

एका ग्रॅममध्ये कण किती, ते मला येतं.
तापमान किती, ओलावा किती, तेही पाठ.

दोनदा बिघडली. काळी दुसरीच कसली तरी आली वर.
तिसऱ्या खेपेला नळीत निर्मळ हिरवी उतरली.
मी चिठ्ठी चिकटवली: ग. ११४, पू. बां.
बाराव्या दिवशी भात हिरवागार
आणि ते पिशव्या न्यायला दारात.
"आपन नवं काही टाकत नही," जिन्यात स्वतःशीच चालू होतं,
"ज्याचं त्याले परत."
आणली होती आगपेटीभर. नेली चार किलो.
मी वजन केलं होतं. बोलले नाही.

दिवस मावळल्यावर, ऊन नको म्हणून,
कुजलेल्या शेणखतात कालवून त्यांनी ती पसरली.
मुलगा मागून पाणी सोडत होता.
किती वाचली हळद, ते लिहून ठेवलंय मी;
निम्म्याहून थोडी जास्त.
बांधाकडची तर जवळजवळ सगळी.

आता वैशाख. शेहेचाळीस अंश,
वर पत्रा, आणि दुपारपासून लाईट नाही.
कण उकाड्यात मरतात. तेही पाठ आहे मला.
नळी ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणली.
आमच्या फीडरला लाईट होती.

आईने फ्रिज उघडून धरला.
दही सरकवलं, कैरीचं पन्हं सरकवलं,
लोणच्याची बरणी उचलून बाहेर ठेवली.
"त्या भारंब्याच्या वावरातली हे?"
हो.
तिने नळी उजेडाकडे धरून पाहिली, बराच वेळ,
मग आत उभी केली,
दोनदा हात धुतले
आणि विचारलं, "बूच घट्ट हाये ना?"